पुढचे गिअर गेले, रिव्हर्स शाबूत

सकाळी ७.००
साताऱ्याहून फोन येतो. कासला निघालेली जुनी एसयूव्ही काल संध्याकाळपासून यवतेश्वर घाटात उभी आहे. चार गिअरचा हायड्रॉलिक ऑटोमॅटिक. ‘डी’ टाकला की इंजिन नुसतंच घुमतं, ‘आर’ टाकला की गाडी मागे येते. मी पहिलं सांगतो, दोरी बांधून ओढू नका, फ्लॅटबेडवर चढवून आणा. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा पंप फिरत नाही आणि चाकं फिरत राहिली की आतले भाग तेलाविना घासतात.

७.३०
प्रेशर गेज आणि स्कॅनर घेऊन सांगलीहून निघतो. आष्टा, पेठ नाका, कराड. वाटेत हिशोब मांडतो. गाडी मागे येते, म्हणजे पंप दाब देतोय, टॉर्क कन्व्हर्टर आणि मागचा शाफ्ट ठीक आहे. पुढच्या सगळ्या गिअरना लागणारा आणि रिव्हर्सला न लागणारा भाग एकच, फॉरवर्ड क्लच. संशय तिथंच, पण तपासणी सोप्यापासून सुरू करायची.

१०.००
सातारा एमआयडीसीतलं गॅरेज. गाडीचे मालक अस्वस्थ आहेत. “मिस्त्री, एकाने फोनवरच अख्खा गिअरबॉक्स बदला म्हणून सांगितलं. बदलावाच लागेल का?”
“साहेब, बघितल्याशिवाय नाही सांगणार. आधी कधी त्रास दिला होता का?”
“महिनाभर सकाळी डी टाकला की दोन-तीन सेकंद थांबून पकडायची. गरम झाली की नीट चालायची.”
हे उत्तर मोलाचं आहे. सील कडक झालं की थंड असताना दाब गळतो. गरम तेलात सील जरा मऊ पडतं आणि पकड येते.

१०.३०
गाडी सपाट जागी, इंजिन चालू. लिव्हर सगळ्या जागांवर फिरवून ‘पी’मध्ये आणतो आणि डिपस्टिक काढतो. पातळी बरोबर, पण तेल काळं आणि जळका वास. सांगलीकरांना तेलाच्या रंगाचं महत्त्व २०१९च्या महापुरानं शिकवलं. पाणी शिरलेलं तेल स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं दिसतं. त्या पाण्यानं क्लच प्लेटचं कागदी अस्तर फुगून सुटतं. इथं पाणी नाही, उष्णतेनं जळलेलं आहे.

११.००
लिव्हरची केबल बघतो. आत ‘डी’ दिसतो तेव्हा गिअरबॉक्सवरचा दांडाही ‘डी’च्याच खाचेत बसतो. स्कॅनरवर कोड नाही. तसंही वायरिंग किंवा सोलेनॉइड बिघडलं, तर असा गिअरबॉक्स सहसा एखादा पुढचा गिअर धरून ठेवतो, गाडी घरी पोचावी म्हणून. पुढचं सगळंच गेलं, तर दोष तेलाच्या वाटेत किंवा क्लचमध्ये शोधायचा.

१२.००
‘डी’ आणि ‘एल’ वेगवेगळे तपासतो. ‘एल’मध्ये गाडी हलली असती, तर वन-वे क्लच गेलाय म्हटलं असतं. दोन्हीत हलत नाही. गेजवर मुख्य दाब मॅन्युअलप्रमाणे आहे. मग स्टॉल टेस्ट: चाकांना ओंडके, हँडब्रेक, पायाचा ब्रेक पूर्ण दाबलेला, समोर कुणी उभं नाही आणि रेस पाच सेकंदांच्या आत. ‘आर’मध्ये आरपीएम ठरल्या जागी थांबतो, ‘डी’मध्ये वर पळतो. फॉरवर्ड क्लच घसरतोय.

दुपारी २.००
जेवणानंतर तेल काढून चेंबर उघडतो. तळाशी प्लेटच्या अस्तराची काळी राड, चुंबकावर बारीक भुकटी; लोखंडाचे तुकडे नाहीत. व्हॉल्व्ह बॉडी उतरवून फॉरवर्ड क्लचच्या छिद्रात बेतानं हवा सोडतो. पिस्टन निरोगी असता तर ‘ठप्प’ आवाज आला असता. इथं नुसती हवा फुसफुसते. पिस्टनचं सील गेलंय.

४.००
मालकांना बसवून समजावतो. कडक सीलमधून दाब गळला, प्लेट घट्ट दाबल्या गेल्या नाहीत, त्या घसरत राहिल्या आणि चढावर जळल्या. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, पण बदलायचा नाही. सील, रिंगा आणि फॉरवर्ड क्लचच्या प्लेट नव्या घालायच्या, व्हॉल्व्ह बॉडी आणि तेलाचा कूलर धुवायचा. टॉर्क कन्व्हर्टरमधली घाणही काढायची. ती आत राहिली तर नव्या प्लेटही टिकणार नाहीत. मालक होकार देतात.

६.००
सांगलीला परत निघण्याआधी सुट्या भागांची यादी पाठवतो.

ऑटोमॅटिक गाडी वापरणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे. ‘डी’ टाकल्यावर गाडी उशिरा पकडू लागली, तर त्याच आठवड्यात दाखवा. घाटात गाडी चालवत असाल, तर तेल मॅन्युअलमधल्या मुदतीआधीच बदला. आणि ‘गिअरबॉक्स बदला’ असं कुणी म्हणालं, तर दाब किती भरला आणि स्टॉल टेस्टमध्ये काय दिसलं, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत पैसे देऊ नका.