पेढा खाल्ला म्हणून नापास?

शनिवारची दुपार. ताईकडे मस्त जेवून मी सोफ्यावर लोळत होते. ताईने माझ्या चार वर्षांच्या भाच्याला टेबलापाशी बसवलं, समोर एक पेढा ठेवला आणि म्हणाली, "मी परत येईपर्यंत खाल्ला नाहीस, तर दोन मिळतील हं!" मग आम्ही दोघी दाराआड. वीस सेकंदांत पेढा गायब!

मला हसू फुटलं, पण ताईचा चेहरा पडला. "याला जरा म्हणून पेशन्स नाही गं. पुढे कसं व्हायचं याचं?"

एका पेढ्यावर पोराचं अख्खं करिअर? म्हटलं, जरा खोलात जाऊन बघू या.

मूळ गोष्ट मार्शमॅलोची

हा प्रयोग मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांचा. १९६०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग नर्सरी स्कूलमध्ये सुरू झालेला. एक मार्शमॅलो आत्ता, की थांबून दोन? गंमत म्हणजे मिशेल यांना कुणालाही पास-नापास करायचं नव्हतं. मुलं मोह टाळतात कसा, हे त्यांना बघायचं होतं. खाऊ झाकून ठेवला की मुलं जास्त वेळ थांबायची!

बोभाटा झाला तो नंतर. तीच मुलं मोठी झाल्यावर त्यांची माहिती पुन्हा गोळा केली गेली. १९९०च्या शोधनिबंधात दिसलं, की जास्त थांबलेल्या मुलांना कॉलेज प्रवेशाच्या सॅट परीक्षेत जास्त मार्क होते. बस्स, पालकांना भविष्य सांगणारं यंत्रच सापडलं! पण हा संबंध ज्या गटात ठळक दिसला, त्यात मुलं होती अवघी ३५. तीसुद्धा बरीचशी विद्यापीठातल्याच प्राध्यापकांची आणि विद्यार्थ्यांची. जपून अर्थ काढा, असं संशोधकांनी स्वतःच बजावलं होतं. ते कोण ऐकतंय!

सोबत की कारण?

मुलांच्या वाढीचा अभ्यास करायच्या दोन मोठ्या वाटा आहेत. एक, तीच मुलं वर्षानुवर्षं बघत राहायची. यातून कळतं, कशासोबत काय येतं. पण कशामुळे काय होतं, हे कळायला दुसरी वाट लागते, प्रयोगाची. चिठ्ठ्या टाकल्यासारखे मुलांचे दोन गट करायचे आणि दोघांत एकच गोष्ट वेगळी ठेवायची.

२०१८मध्ये टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी पहिल्या वाटेने ९००हून जास्त मुलांची माहिती तपासली. यात सगळ्या थरांतली घरं होती. पंधराव्या वर्षीच्या अभ्यासाशी संबंध दिसला, पण आधीच्या जेमतेम निम्मा. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची समज हिशोबात धरल्यावर तोही बराचसा विरला.

दुसरी वाट रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड यांची, २०१३ची. मुलं २८. आधी चित्रं रंगवायची होती. संशोधक म्हणाली, "थांब, आणखी छान खडू आणते." निम्म्या मुलांना ते मिळाले. बाकीच्यांना नुसतं "सॉरी, संपले." स्टिकर्सच्या बाबतीतही तेच. मग आला मार्शमॅलो. शब्द पाळलेला गट सरासरी १२ मिनिटं थांबला. फसवलेला गट? तीन मिनिटं!

म्हणजे पोरं अधीर नव्हती, हिशेबी होती. ज्याचा शब्द खरा होत नाही, त्याच्यासाठी थांबायचं कशाला? 'पुढच्या क्वार्टरला नक्की बघू' हे तिसऱ्यांदा ऐकल्यावर तुम्ही नोकरीच्या साइटवर बायोडेटा टाकताच ना? तेव्हा तुम्हाला कुणी 'पेशन्स नाही' म्हटलं, तर चालेल?

मी भाच्याला विचारलं, "का रे खाल्लास लगेच?"

"बाबा पण म्हणाला होता, संध्याकाळी बागेत नेतो. आलाच नाही."

एका पोरावरून सिद्धांत मांडायचा नसतो, हे मी आत्ताच लिहिलंय. जिजूंच्या शनिवारीही मीटिंग्ज असतात, हेही मला ठाऊक आहे. पण ताई एकदम गप्प झाली. मग तिने फोन लावला. "सहाला घरी ये. बागेत जायचंय. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी त्याला उगाच काही सांगत नाही."

सहा वाजून दहा मिनिटांनी बेल वाजली. भाचा आधीपासूनच बूट घालून दारात बसला होता.