तापलेल्या नळीची गोष्ट

लेकरांनो, मुंबईत कांदिवलीला एका इमारतीच्या गच्चीवर विमान तयार झालं, ही थाप नाही बरं का! कॅप्टन अमोल यादव यांनी ते बांधलं, सहा जण बसतील एवढं. 2016 साली ‘मेक इन इंडिया’च्या प्रदर्शनात लोकांनी ते पाहिलं आणि 2019 मध्ये त्याला उड्डाणाची परवानगी मिळाली. स्वतःचं विमान स्वतः बांधणारी अशी माणसं जगभर आहेत. त्यांना जो तो विचारतो, पंख कसे केले, इंजिन कोणतं बसवलं. धूर बाहेर नेणाऱ्या नळीची चौकशी कोणी करत नाही. आज तिचीच गोष्ट सांगतो, कारण निसर्गाची एक मोठी करामत तिच्यात दडलेली आहे.

अमेरिकेतले काही हौशी लोक माझदा मोटारीचं वँकेल इंजिन काढून आपल्या विमानात बसवतात. जर्मनीच्या फेलिक्स वँकेल यांचं हे इंजिन 1957 मध्ये पहिल्यांदा चाललं. खाली-वर होणारा पिस्टन त्यात नाहीच. फुगीर बाजूंचा एक तिकोनी रोटर आत गरगर फिरतो. त्याचा एक फेरा होईस्तोवर शाफ्टचे तीन फेरे होतात. इंजिन आटोपशीर, हलणारे भाग थोडे, म्हणून विमानवाल्यांना ते आवडतं. पण त्याची एक खोड आहे. धूर सोडायला झडप नसते. रोटरचं टोक भोकावरून सरकलं, की तापलेला वायू एकदम धडाक्याने बाहेर पडतो. काही इंधन तर जळता जळताच नळीत शिरतं. विमानाच्या नेहमीच्या पिस्टन इंजिनाचा धूर साधारण 700 ते 800 अंशांचा, याचा 900 च्याही पुढे जातो. आपल्या सिंदी मेघे गावात मे महिन्यात पारा 46 वर गेला की आपण दारं-खिडक्या लावून घेतो. आता 900 चा अंदाज तुम्हीच करा. अंधारात ती नळी लालबुंद दिसते.

साधं लोखंड तिथे टिकेल का? इथून जवळच भूगावला पोलादाचा कारखाना आहे. तिथे काम करणाऱ्या कोणालाही विचारा, लाल तापलेल्या पोलादावर काळे पापुद्रे धरतात. पापुद्रा सुटला की खालचं लोखंड उघडं पडतं, त्यावर पुन्हा पापुद्रा. असं करत करत पातळ नळी झिजून भोक पडतं.

म्हणून हवं स्टेनलेस स्टील. त्यातलं क्रोमियम ज्या खनिजातून मिळतं ते क्रोमाइट, आपल्या भंडारा आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतही सापडतं. हे क्रोमियम हवेतला ऑक्सिजन धरतं आणि धातूवर एक थर तयार करतं. थर केवढा? दोन-तीन नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या काही लाखांव्या भागाएवढा! ओरखडा काढा, थर फाटेल. पण हवा लागताच क्षणात तो पुन्हा जुळून येतो. कोणी हात लावायचं काम नाही. मला तर हे आजही नवल वाटतं.

नळी तापली की हा थर जाड होतो आणि रंग दाखवू लागतो. आधी गवती पिवळा, मग जांभळा, मग निळा. पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्यावर डिझेल सांडलं की जे रंग दिसतात, त्यांचंही कारण हेच. थराच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो आणि जाडीप्रमाणे रंग बदलतात. जाणता वेल्डर हे रंग पाहून सांगतो, धातू कुठवर तापला होता.

आता या गोष्टीतला चोर. स्टेनलेसमध्ये थोडा कार्बन असतो. साधारण 450 ते 850 अंशांच्या दरम्यान तो क्रोमियमला पकडून धातूच्या कणांच्या सीमांवर जाऊन बसतो. सीमेलगतचं क्रोमियम संपलं, की तिथे संरक्षक थर नीट धरत नाही. वरून नळी चकचकीत, आतून मात्र सीमा पोखरलेल्या. वेल्डिंगच्या जोडाशेजारी हे घडू शकतं, मग इंजिनाच्या थरथरीने तिथेच तडा जातो. सहज मिळणाऱ्या 304 जातीत हा धोका असतो. 321 जातीत टायटॅनियम मिसळतात. ते क्रोमियमच्या आधी कार्बनला धरून ठेवतं, चोर पकडला जातो आणि क्रोमियम मोकळं राहतं. 347 मध्ये हेच काम नायोबियम करतं.

आणखी एक ऐका. अशा नळीवर पेन्सिलने खूण करायची नाही. पेन्सिलीच्या रेघेतला कार्बन तापल्यावर धातूत शिरतो आणि त्याच रेघेवर नळी तडकते. जस्ताचा मुलामा असलेली हत्यारंही तिला लावत नाहीत.

नळी वाढतेही. एक मीटर लांब नळी 800 अंशांनी तापली तर सुमारे 15 मिलिमीटरने लांबते. दोन्ही टोकं घट्ट आवळली तर ती जाणार कुठे? म्हणून मध्ये सरकता जोड ठेवतात.

एवढी काळजी कशासाठी? तडा गेला तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड सुटतो आणि केबिनमध्ये शिरू शकतो. त्याला ना रंग, ना वास. वैमानिकाला गुंगी येते आणि आपल्याला काय होतंय हेही त्याला कळत नाही. म्हणून वँकेल इंजिनाचं विमान बांधणाऱ्याने चार पैसे जास्त मोजावेत, पण इंजिनाला लागून असलेली नळी 321 चीच घ्यावी आणि केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्र लावल्याशिवाय उडू नये.