खोक्यावरचे एक लाख लुमेन

बाजारात हल्ली वीतभर लांबीची बॅटरी मिळते आणि तिच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं, '१,००,००० लुमेन'! लुमेन हे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश मोजायचं एकक. घरातला ९ वॅटचा एलईडी बल्ब साधारण ९०० लुमेन प्रकाश देतो. म्हणजे या एवढ्याशा बॅटरीत तसे शंभरावर बल्ब मावले की! वर्गातल्या एका मुलानं अशीच बॅटरी दाखवून विचारलं, "बाई, हे खरं असेल का हो?"

घ्या वही-पेन्सिल. चांगला पांढरा एलईडी १ वॅट विजेतून साधारण १५० लुमेन प्रकाश काढतो. मग १ लाख लुमेनला किती वीज लागेल? भागाकार करा. आले ना ६६७ वॅट? जवळजवळ इस्त्रीएवढी वीज! बॅटरीच्या आत मात्र असतो अंगठ्याएवढा एक सेल. तो पूर्ण भरला तर त्यावर ११ वॅटचा दिवा साधारण एक तास चालेल. ६६७ वॅटचा दिवा किती वेळ चालेल? जेमतेम एक मिनिट. तेही सेलनं एवढी वीज एका दमात दिली तर, आणि ती तो देऊच शकत नाही. खोक्याच्या दुसऱ्या बाजूला 'सलग ५ तास' असंही छापलेलं होतं, ते वेगळंच!

एक लाख लुमेनची बॅटरी जगात नाहीच असं मात्र समजू नका. इमॅलेंट कंपनीनं 'एमएस १८' नावाची तशी बॅटरी काढली. तिच्यात १८ एलईडी आहेत, वजन दोन किलोच्या घरात आहे आणि ती थंड ठेवायला आत पंखे बसवले आहेत. तरीही पूर्ण उजेड ती थोडाच वेळ देते, मग तापते आणि आपणहून मंद होते.

"पण बाई, आमची बॅटरी पार टेकडीपर्यंत जाते!" जात असेल. बागेला पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की धार लांब जाते. पाणी वाढलं का? नाही, फक्त एका रेषेत गेलं. बॅटरीच्या आतला चकचकीत वाडगा हेच काम करतो. धारेचा हा जोर कँडेलात मोजतात. समजा, ५ मीटरवरच्या भिंतीवर मीटरनं ४०० लक्स दाखवले. ४०० ला ५ नं दोनदा गुणा, १०,००० कँडेला. दोनदा का? कारण अंतर दुप्पट झालं की तोच उजेड चौपट जागेवर पसरतो. अशी बॅटरी २०० मीटरपर्यंत जाते असं धरतात. तिथं उजेड पाव लक्स उरतो, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका. रात्री शेतात पाणी धरायला जाणाऱ्याला ही धार कामाची. पण लुमेन किती, हे तिच्यावरून कळत नाही.

त्यासाठी सांडलेला सगळा उजेड गोळा करायला हवा. प्रयोगशाळेत एक मोठा पोकळ गोळा असतो, आतून पांढराशुभ्र रंगवलेला. बॅटरी त्याच्या भोकातून आत लावतात. प्रकाश भिंतींवर आपटत आपटत सगळीकडे सारखा मिसळतो. एका कोपऱ्यात मीटर असतो आणि त्याच्यासमोर छोटा आडपडदा, म्हणजे झोत थेट त्याच्यावर पडत नाही. आधी लुमेन ठाऊक असलेला दिवा लावून आकडा घ्यायचा, मग बॅटरीचा घ्यायचा आणि त्रैराशिक मांडायचं. झालं! वेळेलाही महत्त्व आहे. अमेरिकेत २००९ साली ठरलेल्या एफएल १ मानकाप्रमाणे आकडा बॅटरी लावल्यावर ३० सेकंदांनंतर आणि २ मिनिटांच्या आत वाचतात. पहिल्या क्षणाचा झगमगाट धरायचा नाही. मला हा नियम फार आवडतो.

असला गोळा आपण कुठून आणणार? पण पांढऱ्या छताची खोली आहे ना! रात्री दिवे मालवा, खिडक्या झाका. बॅटरी जमिनीवर छताकडे तोंड करून उभी करा. आईबाबांच्या मोबाइलवर उजेड मोजायचं लक्स मीटर ॲप घ्या आणि तो मोबाइल टेबलावर असा ठेवा, की त्याच्यावर थेट झोत पडणार नाही. अर्ध्या मिनिटानं आकडा लिहा. मग त्याच जागी दुसरी बॅटरी उभी करून तिचाही आकडा लिहा. एकीचे लुमेन खात्रीचे असले, तर दुसरीचे त्रैराशिकानं निघतील. अगदी अचूक नाही, पण लाखाची गोष्ट आहे की शेकड्याची, हे लगेच कळेल. एक लक्षात ठेवा, पेटलेल्या बॅटरीत कधीही डोकावायचं नाही आणि कुणाच्या डोळ्यांवर झोत मारायचा नाही.

नंतर तीच बॅटरी दहा मिनिटं चालू ठेवा, दर मिनिटाला आकडा लिहा आणि आलेख काढा. रेघ कितव्या मिनिटाला खाली वळते, ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगा.