हरितगृह उभारताय? आधी पायाखालची जमीन पाहा

हिरव्या जाळीखाली ओळीने मांडलेल्या कुंड्या, त्यांत डुलणारी ऑर्किड, अँथुरियम आणि नेचे! अंगणात किंवा गच्चीवर असे छोटेसे हरितगृह असावे, ही हौस आता अनेक घरांत दिसते. खर्चाचा हिशेब मांडताना सांगाडा, जाळी, मांडण्या, रोपे अशा सगळ्या गोष्टींची चर्चा होते. जमिनीचा विचार मात्र शेवटी होतो. ‘आहे तीच ठेवू’ म्हणून तो सोडूनही दिला जातो.

पहिल्या पावसाळ्यातच ही चूक लक्षात येते. शेवाळावरून आजीचा पाय घसरतो, कुंड्यांखाली डास होतात किंवा खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या छताला ओल येते. जाळी फाटली तर बदलता येते. जमीन बदलायची तर अख्खे हरितगृह रिकामे करावे लागते. म्हणूनच सुरुवातीलाच एक प्रश्न स्वतःला विचारा : कुंड्यांतून निथळलेले पाणी जाणार कुठे?

अंगणात हरितगृह असेल तर

खाली माती असल्यास काम सोपे असते, कारण पाणी जमिनीत मुरते. मात्र माती नुसती उघडी ठेवू नये. तिचा चिखल होतो, तण माजते आणि मातीतील बुरशी व सूत्रकृमी कुंड्यांपर्यंत पोहोचतात.

खडी : सर्वांत सोपा आणि स्वस्त पर्याय. आधी जमीन सपाट करून धुमसाने चोपावी. तिच्यावर तण रोखणारे काळे विणलेले कापड अंथरावे आणि वर 3 ते 4 इंच धुतलेली खडी पसरावी. कडेने विटांची किनार लावल्यास खडी पसरत नाही. 10 फूट बाय 8 फूट जागेला 4 इंचांच्या थरासाठी पाव ब्रासपेक्षा थोडी जास्त खडी पुरते. मात्र गळलेली पाने खडीत अडकून कुजतात, गोगलगायी लपतात आणि काठी घेऊन चालणाऱ्यांना तिच्यावरून चालणे अवघड जाते.

विटा : पक्क्या भाजलेल्या विटा 2 इंच वाळूच्या थरावर सिमेंटशिवाय बसवाव्यात आणि फटींत वाळू भरावी. 9 इंच लांब व 4 इंच रुंद विटा सपाट मांडल्यास चौरस फुटाला 4 लागतात. म्हणजे वरील जागेला सुमारे सव्वातीनशे. वीट पाणी शोषते आणि हळूहळू सोडते. मात्र पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ चढते, तेव्हा खराट्याने घासण्याची तयारी हवी.

शहाबादी किंवा कोटा फरशी : टिकाऊ आणि झाडायला सोपी. मात्र पॉलिश न केलेली, खरखरीत फरशीच निवडा. हे दोन्ही चुनखडीचे दगड असल्याने डाग काढण्यासाठी ॲसिड कधीही वापरू नये. फरशी खराब होते.

कोबा : करायचाच असेल तर दर 10 फुटांना सव्वा इंच उतार ठेवावा आणि पाणी बाहेर नेणारी नाली काढावी. वरचा थर घोटून गुळगुळीत करण्याऐवजी ओला असतानाच त्यावर झाडूच्या रेघा ओढून घ्याव्यात. स्नानगृहातील चकचकीत टाइल्स येथे मुळीच नकोत.

बहुतेक घरांना मधला मार्ग सोयीचा ठरतो : मध्ये चालण्यासाठी विटांची किंवा फरशीची अडीच-तीन फुटांची वाट आणि दोन्ही बाजूंना मांडण्यांखाली खडी.

गच्चीवर हिशेब वेगळा

गच्चीवर पाणी मुरायला जागा नाही आणि वजनालाही मर्यादा आहे. लोकांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकांत दर चौरस मीटरला सुमारे 150 किलो चल भार धरलेला असतो. 4 इंच खडीचा थर एकट्यानेच साधारण तेवढा भरतो! 10 बाय 8 फुटांत ही खडी एक टनाहून अधिक होते. ओल्या कुंड्या, मांडण्या आणि माणसे यांचे वजन त्यापुढे वेगळेच. त्यामुळे अंगणातला उपाय गच्चीवर जसाच्या तसा नेऊ नका.

गच्चीवर मूळ कोबाच ठेवावा. त्याला भेगा असतील तर आधी जलरोधक काम करून घ्यावे. चालण्यापुरत्या भागात एकमेकांत अडकणाऱ्या, छिद्रे असलेल्या प्लास्टिकच्या हलक्या टाइल्स टाकाव्यात. त्यांच्याखालून पाणी वाहते आणि त्या उचलून खालचा गाळ साफ करता येतो. कुंड्या स्टँडवर ठेवाव्यात आणि पावसाळी नळाच्या तोंडाला जाळी बसवावी. सांगाडा पक्का करण्यासाठी कोब्यात भोके पाडू नयेत. गळती तिथूनच सुरू होते. सोसायटीची परवानगी आणि स्ट्रक्चरल इंजिनियरचा सल्ला काम सुरू करण्यापूर्वीच घ्यावा.

हवामानही पाहा

नागपूर, दिल्ली किंवा जयपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात खडीवर किंवा विटांवर दुपारी पाणी शिंपडले की ते वाफ होताना हवा गार करते आणि झाडांना हवा तो ओलावा मिळतो. मुंबई, गोवा किंवा कोलकात्यात हवा मुळातच दमट असते. तिथे लवकर वाळणारी जमीन चांगली, नाहीतर बुरशी वाढते. सिमला, दार्जिलिंगसारख्या थंड ठिकाणी बंदिस्त हरितगृहात दगड किंवा वीट उपयोगी पडते, कारण दिवसा साठवलेली ऊब ती रात्री परत देते.

जमीन कोणतीही निवडा, आठवड्यातून एकदा ती कोरडी करून झाडण्याचा नेम ठेवा. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात साधारण आठवडा-दहा दिवसांत तयार होतो. जमिनीवर एक बादली पाणी ओतून पाहा. ते कुठेही तळे न करता मुरले किंवा वाहून गेले, तर खुशाल मांडण्या लावायला घ्या.