गारपिटीनंतरचे घर : आधी नोंद, मग आवराआवर

११ फेब्रुवारी २०१८ चा रविवार जालना जिल्ह्यातील माणसे विसरलेली नाहीत. हरभरा सोंगणीला आलेला, गहू ओंबीवर, ज्वारीची कणसे भरलेली. आणि त्याच दिवशी गारांचा मारा झाला. जिल्ह्यात दोन वयस्कर माणसे दगावली, त्यांतले एक जाफराबाद तालुक्यातले. त्याआधी २०१४ साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत निम्म्याहून अधिक महाराष्ट्राला गारांनी असेच झोडपले होते. खेळणा आणि पूर्णा नद्यांच्या काठच्या या मुलखाला दुष्काळाची सवय आहे. गारपीट मात्र घटकाभरात होत्याचे नव्हते करते.

अशा वेळी वर्तमानपत्रांत आडव्या पडलेल्या गव्हाचे आणि गळालेल्या मोसंबीचे छायाचित्र येते. येऊ द्या, शेतकऱ्याचे दुःख मोठेच आहे. पण गावाच्या कडेला बौद्धवाड्यात ज्या घराचे पत्रे फुटले, ज्या बाईची सोंगणीची सारी मजुरी बुडाली, तिचे काय? जाफराबाद आणि शेजारच्या देऊळगाव राजा भागात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचे बियाणे घेतात. तेथे फुलांचे क्रॉसिंग करायला आपल्या कितीतरी भगिनी रोजाने जातात. शेडनेट फाटले की त्यांचा रोज बंद. त्यांच्या नावावर सातबारा नाही, म्हणून पीकनुकसानीच्या यादीत त्यांचे नावही नाही. गार सर्वांच्या डोक्यावर सारखीच पडते, मदत मात्र कागद पाहून मिळते. म्हणून आपले नुकसान कागदावर आणणे हे गारपिटीनंतरचे घरातले पहिले काम समजा.

हा कोणाचा कोप नव्हे

पूर्वी विदर्भाकडे गारपगारी नावाचे लोक असत. मंत्र म्हणून गारा परतवणे हे त्यांचे गावकीचे काम. गारा चुकल्या तर त्यांना धान्य मिळे, पडल्या तर दोष त्यांच्याच माथी येई. तीही पोटासाठी राबणारी गरीब माणसेच होती. पण गार मंत्राने येत नाही आणि मंत्राने जातही नाही. खालची तापलेली, दमट हवा वेगाने वर चढते. वरच्या गोठवणाऱ्या थंडीत पाण्याचे थेंब गोठतात. वर चढणारा वारा त्यांना तोलून धरतो, त्यांच्यावर बर्फाची पुटे चढतात आणि वजन पेलेनासे झाले की ती गार खाली पडते. कारणाशिवाय कार्य नाही, हे तर आपल्याला तथागतांनीच शिकवले आहे. तेव्हा नवस-उताऱ्यात पैसा घालवू नका. तो पत्र्याला लागणार आहे.

आधी जीव

गारा थांबल्या की प्रथम मुले आणि म्हातारी माणसे मोजा. डोक्याला मार लागलेले मूल झोपाळू झाले, ओकू लागले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठा. उपचाराचा कागद जपून ठेवा. भिंती ओल्या असतील तर विजेची मेन स्विच कोरड्या हाताने, पायात चप्पल घालून बंद करा. मेन स्विचच भिजली असेल तर तिला हात लावू नका. तुटलेल्या तारेजवळ कोणाला जाऊ देऊ नका आणि वीज कंपनीला कळवा.

घरावर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यांचे तुकडे कोरडे झाडू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि पुढे असाध्य आजार होतो. पाणी शिंपडून, तोंडाला फडके बांधून तुकडे उचला आणि पोत्यात भरून ठेवा. चुलीला किंवा मोरीला ते वापरू नका.

केरसुणीला हात लावण्याआधी

आपल्या बायांचा स्वभाव असा की संकट ओसरले की लगेच घर लख्ख करायचे. येथे मात्र थोडे थांबा! फुटलेला पत्रा, भिजलेले धान्य, पडलेली भिंत, मेलेली शेळी, सर्वांचे मोबाईलवर फोटो काढा. फोटोत घराचे दार आणि घरातील माणूस दिसू द्या. मग तलाठी, म्हणजे हल्लीचे ग्राम महसूल अधिकारी, यांच्याकडे लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पंचनाम्याच्या वेळी घरातल्या कोणीतरी हजर राहावे. पुरुष कामावर असेल तर बाईने पुढे व्हावे, लिहिलेले वाचून घ्यावे, मगच सही करावी. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्यावे.

गारपीट ही सरकारने मान्य केलेली आपत्ती आहे. २०२२-२३ ते २०२५-२६ या वर्षांसाठी केंद्राने ठरवलेले दर असे होते : सपाट प्रदेशात घर पूर्ण पडल्यास १ लाख २० हजार रुपये. किमान १५ टक्के पडझड झाल्यास पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. झोपडीला ८,०००, घरालगतच्या गोठ्याला ३,००० रुपये. दुभती गाय-म्हैस दगावल्यास ३७,५०० आणि शेळीमागे ४,००० रुपये. माणूस दगावल्यास वारसांना ४ लाख रुपये. दर बदलत असतात, म्हणून चालू दर तहसील कचेरीत विचारून घ्या. घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि जनावरासाठी पशुवैद्यकाचा दाखला लागतो. दाखल्याआधी शेळी पुरू नका.

गायरान कसणाऱ्यांचा प्रश्न याहून बिकट आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला. पुढे १४ एप्रिल १९९० पर्यंतची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने १९९१ साली घेतला. तरीही मराठवाड्यात अनेकांच्या हाती आज सातबारा नाही. अशा कुटुंबांनीही अर्ज द्यावा, एक-ई नोंदीची किंवा जुन्या दंडाच्या पावतीची प्रत जोडावी. अर्ज नामंजूर झाला तरी त्या वर्षी ती जमीन आपण कसत होतो, याचा एक कागद तयार होतो. मजुरी बुडालेल्यांनी ग्रामपंचायतीकडे रोजगार हमीच्या कामाची लेखी मागणी करावी. ही योजना १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातच उभी राहिली, हे विसरू नका.

पेटी, पुस्तके, धान्य, शेळी

पत्र्याची पेटी भिजली असेल तर जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड प्रथम बाहेर काढा. चिकटलेले कागद ओढून सोडवू नका, पुसू नका. जुन्या वर्तमानपत्रांत ठेवून सावलीत वाळवा आणि पत्रे बदलत राहा. मुलांच्या पुस्तकांच्या पानांतही कोरडा कागद घाला. उन्हात ठेवले तर पाने आकसतात. आपल्या घरात भांड्यापेक्षा पुस्तक आधी वाचवले पाहिजे.

ओले धान्य त्याच दिवशी पातळ पसरा. बुरशी चढलेले शेंगदाणे आणि मका धुऊन, भाजूनही खाऊ नका. त्यातील विष शिजवल्याने जात नाही. ते कोंबडीलाही घालू नका. पिण्याचे पाणी गढूळ असेल तर तुरटी फिरवा, निवळल्यावर गाळून उकळा. शेळ्या कोरड्या जागी बांधा, अंगावर पोते टाका. गारांनी मोडलेल्या ज्वारीला बुडातून जे कोवळे फुटवे येतात, ते जनावरांना खाऊ देऊ नका. किराळ लागून उभे जनावर पडते.

एका घराचे काम नव्हे

ज्या घरात विधवा भगिनी किंवा एकटी म्हातारी आहे, तेथे पत्रा चढवायला कोण येणार? वाड्यातील तरुणांनी ही घरे आधी धरावीत. विहारात दोन दिवस सामुदायिक चूल पेटवावी. दहावी-बारावी शिकलेल्या मुला-मुलींनी तेथेच बसून साऱ्या वाड्याचे अर्ज लिहावेत, घरवार यादी करावी आणि सर्वांनी मिळून तहसीलला जावे. एकटा गेला तर परत पाठवतात, पन्नासजण गेले तर पोच मिळते.

ही भीक नव्हे, हा नागरिकाचा हक्क आहे. तेव्हा भगिनींनो, आजच पेटी उघडा. नमुना आठ आणि सर्व दाखल्यांच्या प्रती काढा, एका प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून खुंटीला लावा. पुढची गार कधी पडेल हे आपल्या हाती नाही, ही पिशवी मात्र आपल्या हाती आहे.

जयभीम!