साखर सोडली, पण तेलाचे काय?

"डॉक्टर, चहा बिनसाखरेचा पितो, वाडीत चिकू असून हात लावत नाही, भात निम्म्यावर आणला, तरी रिपोर्टात साखर आहे तेवढीच!" मधुमेही मंडळींची ही नेहमीची तक्रार. अशा वेळी मी विचारतो, घरात महिन्याला तेल किती लागते? पुरुषांना याचे उत्तर बहुधा ठाऊक नसते. ते सोबत आलेल्या घरच्या बाई देतात.

तेल-तूप खाल्ल्याने साखर लगेच चढत नाही, हे खरे. म्हणूनच ते नजरेतून सुटते. स्वादुपिंडातून निघणारे इन्शुलिन रक्तातील साखर स्नायूंच्या पेशींत पोचवते आणि यकृतातून रक्तात येणाऱ्या साखरेला आवर घालते. स्नायूंत व यकृतात चरबी साठू लागली की ते इन्शुलिनला दाद देईनासे होतात. मग स्वादुपिंड जास्त इन्शुलिन तयार करते, काही वर्षे रेटते आणि पुढे थकते.

"पण मी तर काटकुळा आहे," असे कोणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा व ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के! आपल्याकडील बारीक माणसाने गाफील राहू नये ते यासाठी.

आता तेलातेलांतला फरक. थंडीत गोठणाऱ्या स्निग्ध पदार्थांत संपृक्त मेदाम्ले जास्त असतात. तूप, खोबरेल, पामतेल, वनस्पती तूप ही त्यातली. तलासरीकडच्या पाड्यांवरचे मोहाच्या बियांचे तेलही जवळपास निम्मे याच जातीचे. शेंगदाणा, तीळ, मोहरी, खुरासणी ही पातळ राहणारी तेले मुख्यतः असंपृक्त. पाच देशांतील १६२ निरोगी लोकांना तीन महिने दोन प्रकारचा आहार देऊन केलेली एक पाहणी २००१ साली प्रसिद्ध झाली. संपृक्त मेद जास्त खाणाऱ्यांत इन्शुलिनचा प्रभाव सुमारे दहा टक्क्यांनी घटला. ऑलिव्ह तेलासारखे मेद खाणाऱ्यांत घटला नाही. मात्र एकूण स्निग्धांश फार खाणाऱ्यांना चांगल्या तेलाचाही हा फायदा मिळाला नाही. तेव्हा 'शेंगदाण्याचे तेल चांगले' म्हणून कढई भरू नये. माझ्या मते मधुमेह्याला महिन्याला अर्धा लिटर तेल पुरे, म्हणजे दिवसाला चहाचे तीन चमचे. दिवसभर शेतात राबणाऱ्याने भाजीत घातलेल्या थोड्या मोहतेलाची मला काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती हायवेवरच्या वडापावाची आणि घरोघरी डब्यात असणाऱ्या गाठिया-फरसाणाची. त्यात पुष्कळदा पामतेल असते, आणि ते कोणी मोजत नाही.

डहाणूच्या मंडळींचा पुढचा प्रश्न ठरलेला: मासळीचे काय? बांगडा, तारली जरूर खावी. त्यातील तेल रक्तातील ट्रायग्लिसराइड्स कमी करते. माशाच्या तेलाने साखर उतरते असे मात्र सिद्ध झालेले नाही, म्हणून त्याच्या गोळ्यांवर पैसे घालवू नयेत. मासा कालवणात घ्यावा. रवा लावून तेलात सोडला, की त्याच्या स्वतःच्या तेलाचे कौतुक कशाला?

तपासणीच्या बाबतीतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तेलकट जेवण पोटातून सावकाश पुढे सरकते. पुरी-बासुंदीच्या जेवणानंतर दोन तासांनी साखर बरी दिसते आणि चौथ्या-पाचव्या तासाला चढलेली असते. लग्नाचे जेवण झाल्यावर काढलेल्या एका रिपोर्टावर म्हणूनच खूश होऊ नये, आणि घाबरून मनानेच गोळी वाढवूही नये.

याच कारणाने, इन्शुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्या माणसाला घाम सुटून, हातपाय कापून साखर उतरल्याची लक्षणे दिसली तर पेढा, बर्फी वा चॉकलेट देऊ नये. त्यातल्या तुपा-खव्यामुळे साखर रक्तात पोचायला उशीर होतो. तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात ढवळून द्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णाला ताबडतोब दवाखान्यात हलवावे.