पाण्यातील प्रसूती आणि घाबरणारा बाप

जोयडा तालुक्यातील वाड्या काळी नदीच्या खोऱ्यात, दाट जंगलात विखुरलेल्या आहेत. पावसाळ्यात येथून रुग्णालय गाठणे हीच गर्भवतीची पहिली कसोटी. अशा ठिकाणी ‘घरीच, पाण्याच्या टबात बाळंतपण करावे का?’ असे कोणी विचारल्यास बालरोगतज्ज्ञ म्हणून माझे उत्तर स्पष्ट असते.

कळांच्या काळात कोमट पाण्याने वेदना सुसह्य होतात; परंतु जन्म पाण्याबाहेरच व्हावा, असा अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचा २०१६ चा सल्ला आहे. दर दहा नवजातांपैकी सुमारे एकाला श्वास सुरू होण्यास मदत लागते, तीही पहिल्याच मिनिटात. म्हणून प्रसूती रुग्णालयातच व्हावी.

रक्त पाहून घेरी येणाऱ्या पतीची मात्र चेष्टा करू नये. रक्त दिसताच नाडी मंदावते, रक्तदाब घसरतो. हा भित्रेपणा नव्हे, शरीरधर्म आहे. त्याने उपाशी राहू नये, पत्नीच्या उशाशी बसावे, घेरी येऊ लागताच हातापायांचे स्नायू आवळून धरावेत. त्याची खरी कामगिरी त्याआधीची आहे: वाहन ठरविणे, १०८ ला पर्याय ठेवणे, रक्तदाते सांगून ठेवणे, दिवस भरत येताच रुग्णालयाजवळच्या आप्तांकडे मुक्काम हलविणे. वाटेतच प्रसूती झाल्यास बाळाला कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीशी धरावे, वर पांघरूण घालावे. आंघोळ घालू नये.

तेव्हा गर्भवतीच्या तपासणीस आपण पतीलाही आवर्जून बोलवावे, ही माझ्या व्यवसायबंधूंना विनंती.